०.८५ चा फाइंडर, प्रोग्रेसिव्ह चष्मा आणि हुकणारा फोकस

वय साठीच्या आसपास, कॅमेऱ्याला उजवा डोळा लावायची सवय, चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला. काम नाटकाच्या तालमींचे कृष्णधवल फोटो काढायचं, तेही रोलवर, फ्लॅशशिवाय, हॉलमध्ये असेल तेवढ्या उजेडात. कॅमेरा लायका एम६ टीटीएल, म्हणजे फाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस लावायचा रेंजफाइंडर कॅमेरा. त्याच्या फाइंडरचं मॅग्निफिकेशन ०.८५, म्हणजे दृश्य ०.८५ पट दिसतं. लेन्स तीन: ३५ मिमी आणि ५० मिमी रोजच्या, ९० मिमी अधूनमधून. तिन्ही एफ/२, म्हणजे कमी उजेडात चालणाऱ्या, पण पूर्ण उघड्या ठेवल्या की थोड्याच खोलीत शार्प देणाऱ्या. मी त्यांना ताई म्हणतो, इथेही तसंच म्हणेन.

ताईंच्या तक्रारी दोन. ३५ ची चौकट, म्हणजे त्या लेन्सने फोटोत किती येईल हे दाखवणाऱ्या रेषा, फाइंडरमध्ये एका नजरेत मावत नाही, कडा बघायला डोळा इकडेतिकडे फिरवावा लागतो. आणि मोठी प्रिंट काढली की नटाच्या डोळ्याऐवजी कधी कान शार्प निघतो, तर कधी नाकाचा शेंडा. प्रश्न मात्र त्यांनी एकच विचारला. आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या काचेवर, बसणारा १.२५ पटीचा मॅग्निफायर घेतला तर काम होईल का? फोकस नीट दिसत नाही, मग मोठा करून बघावा, इतका तो सरळ तर्क होता.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चष्मा लावणाऱ्याने रेंजफाइंडर निवडताना मॅग्निफिकेशनचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी चौकट दिसते का ते बघावं, मग डोळ्याला चित्र स्वच्छ दिसतं का ते, आणि ते किती मोठं दिसतं हे त्यानंतर. ताईंचा सगळा क्रम नेमका उलटा लागला होता, आणि मॅग्निफायरने तो आणखी उलटा झाला असता.

कॅमेऱ्यावरचा संशय

फोकस हुकतो म्हटल्यावर पहिलं बोट कॅमेऱ्याकडेच जातं, म्हणून आधी ते निकालात काढलं. ताईंनी आणलेल्या काँटॅक्ट शीट (निगेटिव्हच्याच आकाराच्या प्रिंट) भिंगाखाली पाहिल्या. चूक कधी पुढे होती, कधी मागे. ही खूण महत्त्वाची. रेंजफाइंडरचं ॲडजस्टमेंट सरकलेलं असेल तर चूक एकाच बाजूला होते: दर वेळी पुढे, नाहीतर दर वेळी मागे. पसारा दोन्हीकडे असेल तर यंत्रापेक्षा बघणाऱ्या डोळ्याकडे लक्ष द्यावं.

तरीही तपासलं. दूरच्या इमारतीची उभी कड घेऊन लेन्स अनंतावर नेली, पॅचमधल्या, म्हणजे फाइंडरच्या मधल्या छोट्या चौकोनातल्या, दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या. मग टेपने मोजून एक मीटरवर ठेवलेल्या पट्टीवर फोकस केला. लेन्सवरचा आकडा आणि टेप जुळले. एक प्रतिमा वर आणि दुसरी किंचित खाली, असा उभा फरकही नव्हता. कॅमेरा ठणठणीत होता.

चौकट का मावत नाही

एम मालिकेचा फाइंडर म्हणजे उलटी धरलेली छोटी गॅलिलीय दुर्बीण. त्यात डोळा एका ठरावीक बिंदूवरच ठेवावा असं बंधन नाही, पण डोळा जितका मागे जाईल तितका दिसणारा कोन आवळत जातो. किल्लीच्या भोकाला डोळा लावून बघणं आणि दोन बोटं मागे सरून बघणं, एवढाच हा फरक. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिमी पुढे असते. त्या अंतरात काचेची जाडी मिळवा आणि ओरखडे पडू नयेत म्हणून आयपीसच्या कडेवर असलेलं रबर मिळवा. चष्मा न लावणारा जिथे पापणी टेकवून बघतो, तिथून चष्मा लावणाऱ्याचा डोळा चांगलाच लांब राहतो.

आता चौकट किती मोठी दिसेल हे दोन गोष्टींवर ठरतं: लेन्सची फोकल लेंग्थ आणि फाइंडरचं मॅग्निफिकेशन. लेन्स जितकी वाइड तितकी चौकट मोठी. मॅग्निफिकेशन जितकं जास्त तितकीही चौकट मोठी. म्हणून मी एक सोपा भागाकार वापरतो, फोकल लेंग्थ भागिले मॅग्निफिकेशन. आकडा लहान आला की चौकट फाइंडरच्या काठाकडे पसरली. मोठा आला की ती आत, आरामात. ५० मिमी लेन्स आणि १:१ फाइंडर असेल तर उत्तर ५०. ही चौकट डोळ्यासमोर आडवा सुमारे ४० अंशांचा कोन व्यापते.

०.८५ च्या फाइंडरमध्ये ३५ मिमीचा आकडा ४१ येतो. तोच ०.७२ मध्ये ४९ होतो आणि ०.५८ मध्ये ६०. ०.७२ मध्ये २८ मिमी टाकली तर जेमतेम ३९, आणि ०.५८ मध्ये २८ ला ४८. म्हणजे ०.५८ मधली २८ ची चौकट आणि ०.७२ मधली ३५ ची चौकट डोळ्याला जवळजवळ सारख्याच आकाराच्या दिसतात. माझ्या पाहण्यात, नेहमीच्या चष्म्याला ४८-५० हा काठावरचा आकडा आहे. दिसतं, पण चष्मा आयपीसला दाबून धरावा लागतो. ५५ च्या वर निवांत. ४२ च्या खाली डोळा फिरवल्याशिवाय गत्यंतर नाही. ताई नेमक्या ४१ वर अडकल्या होत्या, आणि चष्मा लावून ०.८५ वर ३५ वापरणारे सगळे तिथेच अडकतात. १.२५ चा मॅग्निफायर लावला असता तर मॅग्निफिकेशन १.०६ होऊन आकडा ३३ वर आला असता. चौकटीचे कोपरे तर सोडाच, उभ्या कडाही हरवल्या असत्या.

हा भागाकार अंतिम शब्द नाही. आयपीसची काच मोठी असेल तर तोच आकडा सुखाचा होतो. झाइस इकॉनच्या रेंजफाइंडरमध्ये ३५ चा आकडा ४७ च येतो, तरी चष्मेवाले त्याच्यावर खूश असतात, कारण त्याचा आयपीस मोठा आणि मोकळा आहे. लायकानेही २०१७ च्या एम१० मध्ये मॅग्निफिकेशन ०.६८ वरून ०.७३ वर नेताना आयपीसपासून डोळा लांब ठेवण्याची मुभा वाढवली. चेहऱ्याची ठेवण, डोळ्याची खोबणी, फ्रेम नाकावर किती पुढे बसते, सगळ्याचा फरक पडतो. पण पाच मिनिटांत अंदाज बांधायचा असेल तर भागाकार पुरतो.

जाता जाता. १९५४ चा एम३ हा ०.९१ चा, त्यात ५० पेक्षा वाइड चौकटच नाही. मग एम३ वाल्यांसाठी ३५ च्या लेन्सला पुढे दोन काचा जोडून विकल्या गेल्या. त्या फाइंडर आणि रेंजफाइंडरच्या खिडक्यांसमोर येतात आणि दृश्य आक्रसून ५० च्या चौकटीत ३५ चं बसवतात. कॅमेऱ्यालाच चष्मा! ३५, ५० आणि ९० च्या चौकटी असलेला ०.७२ चा एम२ घेणाऱ्यांना त्या काचांची गरज उरली नाही.

दोन उलट लक्षणं

चौकटीचा उलगडा सोपा होता. फोकसचा मात्र नव्हता, कारण ताईंचा अनुभव स्वतःलाच छेद देत होता.

चष्मा लावून आडव्या फोटोंचा फोकस बरा यायचा, उभ्या फोटोंचा वाईट. याआधी त्यांनी आणखी एक उपाय करून पाहिला होता. चष्मा काढून आयपीसवर उणे २.५ ची डायॉप्टर लेन्स, म्हणजे आयपीसवर बसणारी नंबराची काच, लावली होती. चौकट छान दिसली, कारण डोळा आयपीसला टेकला. पण आता आडवे फोटो बिघडले आणि उभे सुधारले. "त्या काचेत दोष असणार," असं म्हणून त्यांनी ती पिशवीत टाकून दिली होती. काच निर्दोष होती.

उत्तर चष्म्याच्या नंबराच्या कागदावर होतं. उजवा डोळा: उणे २.७५, सिलिंडर (एकाच दिशेत लागणारा वाढीव नंबर) उणे १.२५, अक्ष ९०, जवळसाठी अधिक २.२५.

आधी डायॉप्टर लेन्सचं बघू. विकत मिळणाऱ्या डायॉप्टर लेन्स फक्त गोलीय, म्हणजे सगळ्या दिशांत सारख्या, नंबराच्या असतात, सिलिंडर त्यात नसतो. अक्ष ९० असलेला उणे सिलिंडर म्हणजे डोळ्याला उभ्या दिशेत उणे २.७५ पुरे, पण आडव्या दिशेत उणे ४ लागतात. उणे २.५ च्या काचेने उभी दिशा जवळपास भागली, आडवीत मोठी तूट राहिली. आडव्या दिशेत तूट असली की उभ्या रेषा पसरट दिसतात, आडव्या रेषा स्वच्छ राहतात. आणि कॅमेरा आडवा धरला की रेंजफाइंडरची दुसरी प्रतिमा आडवीच सरकते, त्यामुळे जुळवायला उभ्या कडाच लागतात. नेमक्या त्याच पुसट! कॅमेरा उभा धरला की प्रतिमा वर-खाली सरकते, मग भुवई, पापणी, ओठ अशा आडव्या कडा कामी येतात. त्या स्वच्छ, म्हणून फोकस बसतो. चष्मा काढून, डायॉप्टर लावून ताईंना दाराची चौकट आणि शेजारची पुस्तकांची फळी बघायला सांगितली. दाराची उभी कड जाड, फळीची आडवी कड धारदार. शंका उरली नाही.

वय वाढतं तसा सिलिंडरचा अक्ष बऱ्याच जणांमध्ये ९० च्या बाजूला झुकतो. म्हणजे रेंजफाइंडरला ज्या उभ्या कडा सगळ्यात जास्त लागतात, त्यांच्यावरच वयाचा घाव बसतो. सिलिंडरसकट आयपीसची काच घडवून घेता येते, पण कॅमेरा उभा केला की तीही कॅमेऱ्याबरोबर नव्वद अंश फिरते आणि नंबर पार उलटा लागतो. सदैव आडवेच फोटो काढणाऱ्यानेच त्या वाटेला जावं.

आता चष्म्याचं. प्रोग्रेसिव्ह काचेत वरचा भाग लांबचा, खालचा जवळचा, आणि मध्ये एका अरुंद पट्ट्यात नंबर हळूहळू बदलत जातो. त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना चित्र वेडंवाकडं होतं. ताईंना कॅमेरा डोळ्याला लावायला सांगून मी बाजूने बघत उभा राहिलो. कॅमेरा आडवा असताना फ्रेम जागच्या जागी होती. उभा केला, उजवा हात वर, तर बॉडी कपाळाला टेकली, मान किंचित मागे गेली, आयपीसने फ्रेम नाकावर वर सरकवली. आता बुबुळासमोर लांबचा भाग नव्हता, नंबर बदलणारा पट्टा होता. मी त्यांना तशाच स्थितीत चष्मा बोटाने जरा खाली ओढायला सांगितलं. "अरे, आता दिसतंय की!" तेवढ्या एका ओढण्याने पॅचमधली प्रतिमा धारदार झाली.

यात आणखी एक छोटी भर आहे. एम मालिकेच्या फाइंडरमधलं चित्र डोळ्याला अनंतावरचं म्हणून दिसत नाही, ते उणे अर्धा डायॉप्टरवर, म्हणजे साधारण दोन मीटरवर दिसतं. तरुण डोळा तेवढं सहज सांभाळून घेतो. चाळिशी लागून वीस वर्षं झालेल्या डोळ्याकडे जुळवून घ्यायची ताकद फारशी उरत नाही, त्यामुळे लांबच्या नंबराचा अगदी अचूक चष्मा लावूनही फाइंडर किंचित धूसर वाटू शकतो. डायॉप्टर लेन्स निवडताना हा अर्धा धरावाच लागतो. अधिक १ चा चष्मा असलेल्याला अधिक १.५ ची काच लागते, उणे ३ वाल्याला उणे २.५ ची.

मोठं की स्वच्छ

इथे थोडा हिशेब करावाच लागेल, कारण सगळा वाद त्यावर आहे.

रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर म्हणजे बेस. लायका एममध्ये तो ६९ मिमीच्या आसपास आहे. त्याला मॅग्निफिकेशनने गुणलं की प्रभावी बेस मिळतो: ०.८५ ला सुमारे ५९ मिमी, ०.७२ ला ५०, ०.५८ ला ४०. प्रभावी बेस जितका मोठा तितका दोन प्रतिमांमधला फरक डोळ्याला लवकर कळतो. लोक मॅग्निफिकेशनच्या मागे लागतात ते यासाठी, पण एकटं मॅग्निफिकेशन बघून चालत नाही. फोक्टलेंडर बेसा आर३ए चा फाइंडर १:१ आहे, पण बेस ३७ मिमीच. म्हणजे प्रभावी बेसही ३७. ०.५८ चा लायका त्याच्या पुढे निघतो! शिवाय आर३ए मधल्या ४० मिमीच्या चौकटीचा आकडा ४०, चष्म्याला ती दिसणं मुश्कील.

धरून चालू की स्वच्छ बघणाऱ्या डोळ्याला एक मिनिट, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक कळतो. एक मीटर अंतरावर त्यातून होणारी फोकसची चूक ०.८५ ला सुमारे ५ मिमी, ०.७२ ला ६, ०.५८ ला ७. फरक आहे, पण किती? दोन मिलिमीटर. आता डोळ्याला धूसर दिसतंय आणि एकाऐवजी तीन मिनिटांचा फरक पडल्यावरच कळतो असं धरा. ०.८५ वर चूक एकदम १५ मिमी. तिथे १.२५ चा मॅग्निफायर लावला तर १२.

५० मिमी लेन्स, एफ/२, एक मीटर. फिल्मवर ०.०३ मिमीपर्यंतचा ठिपका शार्प धरायच्या नेहमीच्या मापाने डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे शार्प दिसणारी खोली, पुढे-मागे साधारण २३ मिमी. ताई मोठ्या प्रिंट काढतात, म्हणून माप दुप्पट कडक धरू: ११-१२ मिमी. धूसर डोळ्याने ०.८५ वर १५, म्हणजे बाहेर. मॅग्निफायर लावून १२, म्हणजे उंबऱ्यावर, आणि नट श्वास घेतो किंवा ताई पुढे झुकतात तेवढ्यानेही गेलं. स्वच्छ डोळ्याने ०.५८ वर ७, आत, आणि वर थोडी मोकळीकही.

अंतर वाढलं तरी हे गुणोत्तर बदलत नाही, कारण चूक आणि डेप्थ दोन्ही अंतराच्या वर्गाने वाढतात. म्हणजे निदान ३५ आणि ५० साठी धूसर ०.८५ पेक्षा स्वच्छ ०.५८ केव्हाही बरा. पण याचा अर्थ कितीही लहान चालेल असाही नाही. बेसा आर४ च्या ०.५२ च्या फाइंडरमध्ये २१ पर्यंतच्या चौकटी आहेत, चष्म्याला स्वर्ग. पण प्रभावी बेस १९ मिमी, म्हणजे स्वच्छ डोळ्यालाही एक मीटरवर १५ मिमीची चूक. वाइड लेन्सला हरकत नाही, ५० एफ/२ ला आहे.

काय केलं

क्रम ठरला होता, त्याच क्रमाने गेलो.

चौकटीसाठी तीन वाटा होत्या. ३५ सोडून ५० वरच काम करायचं. ०.८५ वर ५० चा आकडा ५९ येतो, अगदी निवांत. ताईंनी एका वाक्यात नकार दिला: तालमीत मागे सरायला जागा नसते. दुसरी वाट वर बसवायचा ३५ चा वेगळा फाइंडर. एकातून फोकस, दुसऱ्यातून रचना. स्थिर विषयाला ठीक, हलत्या माणसांना नाही. उरली बॉडी बदलायची. ०.७२ आणि ०.५८ अशा दोन्ही बॉड्या मागून आणल्या. ०.७२ मध्ये ताईंना ३५ च्या तीन कडा एका वेळी दिसत होत्या, चौथीसाठी चष्मा दाबावा लागत होता. ०.५८ मध्ये चारी कडा आणि त्यांच्या बाहेरचीही जागा. तालमीत कोण चौकटीत शिरतंय हे आधी दिसणं ताईंना हवंच होतं. नाराजीही होती. "सगळं चिमुकलं दिसतंय हो," असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच आहे. ५० ची चौकट ०.५८ मध्ये मधोमध लहानशी बसते. पण मुख्य लेन्स ३५ असेल तर मी हा सौदा पत्करायला सांगतो. ताईंनी ०.८५ देऊन त्याच मॉडेलची ०.५८ घेतली.

स्वच्छ दिसण्यासाठी दोन गोष्टी केल्या. फोटो काढायला वेगळा, लांबच्या एकाच नंबराचा चष्मा, सिलिंडरसकट. फ्रेम छोटी, पातळ, आणि नाकावरचे पॅड मागे वळवून काच पापण्यांना जेमतेम न लागेल इतकी जवळ बसवलेली. चष्मा बनवणाऱ्याला हे तोंडी सांगून भागत नाही, कॅमेराच सोबत न्यावा. सिलिंडर चष्म्यात असल्यामुळे कॅमेरा आडवा असो की उभा, तो डोळ्याच्या अक्षावरच राहतो. आणि फाइंडरच्या उणे अर्ध्यासाठी आयपीसवर अधिक ०.५ ची डायॉप्टर लेन्स. ती गोलीय, त्यामुळे फिरली तरी काही बिघडत नाही. एखादा मिलिमीटर अंतर वाढतं, पण ६० च्या आकड्याला ते परवडतं. चष्म्याच्याच नंबरात अर्धा कमी करून घेता आला असता, पण मग कॅमेरा खाली असताना लांबचं जग मऊ दिसलं असतं.

सिलिंडरवाल्या काँटॅक्ट लेन्सने चौकट आणि स्वच्छता दोन्ही एका झटक्यात सुटतात, हेही सांगितलं. डोळे कोरडे पडतात म्हणून ताईंना त्या नको होत्या. विषय संपला.

मग पडताळा. ५० ची लेन्स लावून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला, दीड मीटरवर उभ्या रेषांचा कागद. लेन्सच्या न फिरणाऱ्या भागावर कागदी टेपची पट्टी. ताई आकड्यांकडे न बघता फोकस लावायच्या, मी फोकस रिंगच्या खुणेसमोर टेपवर पेन्सिलीची रेघ मारायचो, मग रिंग भलतीकडे फिरवायची आणि पुन्हा. प्रोग्रेसिव्ह चष्म्याने, कॅमेरा उभा करून आणि कागद फिरवून रेषा आडव्या केल्यावर, रेघा टेपवर विखुरल्या. नव्या चष्म्याने त्या इतक्या जवळ पडल्या की वेगवेगळ्या मोजता येईनात. एकही रोल खर्च न करता होणारी ही चाचणी आहे. नवी बॉडी किंवा नवा चष्मा घेण्याआधी आणि नंतर प्रत्येकाने ती करावी असं मला वाटतं.

जे सुटलं नाही

९० मिमी एफ/२. एक मीटरवर तिची डेप्थ ०.०३ च्या मापानेही पुढे-मागे ७ मिमीपेक्षा कमी, आणि ०.५८ ची चूक ७. इथे मॅग्निफायर खरोखर उपयोगाचा. ०.५८ वर १.२५ लावला की मॅग्निफिकेशन ०.७२ च्या घरात जातं, प्रभावी बेस ५०, आणि ९० ची चौकट चष्म्यातूनही ऐसपैस दिसते. तरी मोठ्या प्रिंटच्या कडक मापाला एफ/२ पुरत नाही. ताई ९० ला आता एफ/४ पर्यंत बंद करतात आणि शटर तेवढं हळू घेतात. मॅग्निफायर यांत्रिक ढिलाई लपवत नाही, हेही लक्षात ठेवावं. रेंजफाइंडरच सरकलेला असेल तर तो ती चूक सुधारत नाही.

दुसरं म्हणजे मागून येणारा दिवा. चष्म्याची काच आणि आयपीस यांच्या फटीतून तिरपा उजेड शिरतो आणि पॅच पांढरा पडतो. डोळा आयपीसच्या मध्यावरून जरा ढळला की तोच प्रकार. चष्मा न लावणाऱ्याच्या कपाळाने ही फट आपोआप बंद होते, चष्मेवाल्याची होत नाही. ताई डावा हात लेन्सवरून काढून डोळ्याच्या बाजूला आडोसा धरतात, पॅच परत आला की फोकस लावतात, आणि तोवर नट हलला असेल तर पुन्हा पहिल्यापासून.